योगशिक्षक आणि विद्यार्थी: बडोद्यातल्या वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात योग शिकवताना मला आसनांबद्दल जेवढं विचारतात, त्याहून जास्त शिक्षक-विद्यार्थी या नात्याबद्दल विचारतात. तेही वर्ग संपल्यावर, चपला घालताना, आजूबाजूला कोणी नाही ना हे बघून. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं माझी आहेत आणि सगळ्या शिक्षकांना ती पटतील असं नाही. माझी भूमिका आधीच सांगते. विद्यार्थ्याला एक दिवस आपल्याशिवाय साधना करता यावी, यासाठी शिक्षकाने शिकवायचं असतं. आदरापोटी विद्यार्थ्याच्या तोंडून 'नको' हा शब्द निघेनासा झाला, तर त्या वर्गात काहीतरी बिघडलं आहे.

शिक्षकांना काय म्हणायचं?

तोंडात सहज येईल ते म्हणा. आमच्याकडे मराठी घरांतली मंडळी ताई किंवा सर म्हणतात, गुजराती शेजारी बेन म्हणतात, आणि पंचाहत्तरीच्या एक आजी मला सरळ 'अगं' अशी हाक मारतात. मला सगळं चालतं. शिक्षक स्वतःच 'मला गुरुजी म्हणा, रोज वाकून नमस्कार करा' असा आग्रह धरत असतील, तर तिथे पैसे भरण्याआधी आठवडाभर नुसतं बघावं असं मी सुचवीन.

योगशिक्षक म्हणजे गुरू का?

सकाळी साडेसहाला येऊन तासभर आसनं आणि प्राणायाम शिकवणारा माणूस शिक्षक असतो, आणि तेवढं काम नीट करणंही सोपं नाही. गुरूची जागा विद्यार्थी देतो, तीही वर्षानुवर्षं पारखून. प्रवेशाच्या अर्जाबरोबर ती कोणाला मिळत नाही.

आपल्या शहराने ही पारख जवळून पाहिली आहे. माणिकराव इथल्या तालमीत जुम्मादादा या मुसलमान उस्तादांच्या हाताखाली घडले. पुढे राजरत्न प्रो. माणिकराव म्हणून त्यांचं नाव देशभर झालं, पण संस्थेला नाव राहिलं ते उस्तादांचं. जुम्मादादा व्यायाम मंदिर हे नाव बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. त्याच माणिकरावांकडे १९०७ ते १९१० या काळात बडोद्याजवळच्या डभोईत जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे शरीर कमवायला शिकले. १९१९ मध्ये गुणे नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडे गेले आणि तिथे योगाची दीक्षा त्यांना मिळाली. हेच पुढचे स्वामी कुवलयानंद. माधवदासजी १९२१ मध्ये गेले, म्हणजे हा सहवास जेमतेम दोन वर्षांचा.

मला यातला पुढचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. १९२०-२१ मध्येच कुवलयानंदांनी बडोद्याच्या इस्पितळात काही विद्यार्थ्यांना क्ष-किरण यंत्रापुढे उभं करून उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया तपासल्या. गुरूंनी शिकवलेल्या क्रियेने पोटात प्रत्यक्ष काय घडतं, हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. त्यांची गुरूंवरची श्रद्धा त्यामुळे कमी झाली नाही. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही त्यांची योगसंस्था उभी राहिली ती याच वाटेवर, आणि त्याच वर्षी निघालेल्या 'योग मीमांसा' या नियतकालिकात असे प्रयोग छापून येऊ लागले. 'गुरूंनी सांगितलं, आता प्रश्न नको' असं कोणी म्हटलं, की मला इस्पितळातलं ते यंत्र आठवतं.

मग वर्गात प्रश्न विचारले तर उद्धटपणा दिसणार नाही ना?

नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवायचे जे मार्ग सांगितले आहेत, त्यात प्रणिपात (नम्र होणं) आणि सेवा यांच्या मधोमध 'परिप्रश्न', म्हणजे विचारणं, बसला आहे. तोच धरून चला. फक्त वेळ बघा. शवासनात सगळे शांत पडलेले असताना 'ताई, पण सूर्यनमस्कारात श्वास कधी सोडायचा?' असं मोठ्याने विचारू नका. वर्ग संपल्यावर पाच मिनिटं थांबा.

पहिल्या दिवशी शिक्षकांना स्वतःबद्दल किती सांगायचं?

लोक नको तिथे संकोच करतात, तो इथेच. वजन सांगतात, मुलगा कॅनडात आहे हे सांगतात, आणि काचबिंदूसाठी डोळ्यांत थेंब घालतो हे तीन महिन्यांनी बोलता बोलता कळतं. तोपर्यंत त्या काकांनी सर्वांगासन करून झालेलं असतं. डोकं खाली आणि पाय वर गेले की डोळ्यातला दाब वाढतो. काचबिंदूच्या माणसासाठी तो धोका आहे.

म्हणून रक्तदाब, हृदयाचा त्रास, काचबिंदू, मोतीबिंदूचं किंवा पोटाचं अलीकडचं ऑपरेशन, हर्निया, मणक्यातली गादी सरकलेली असणं, बदललेला गुडघा, चक्कर, फीट आणि गरोदरपण हे सगळं पहिल्याच दिवशी सांगा. हाडं ठिसूळ झाल्याचं तपासणीत निघालं असेल तर तेही सांगा, कारण अशा पाठीला पुढे वाकवायला जोर लावला तर मणका दबून मोडू शकतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी येत असाल तर शिक्षकांना ठाऊक असू द्या, आणि पिशवीत थोडी साखर ठेवा. गरोदर असाल आणि अजून घरातही सांगितलं नसेल, तर शिक्षिकेला एकटीला सांगा. कपालभाती आणि भस्त्रिका त्या काळात बंद ठेवायच्या असतात. चांगली शिक्षिका हे चारचौघांत न बोलता तुमच्यापुरता बदल करून देईल.

शिक्षकाकडूनही दोन गोष्टी व्हायला हव्यात. त्याने हे सगळं आपणहून विचारावं. आणि ऐकलेलं स्वतःपाशी ठेवावं. एकीचं गर्भाशयाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी रावपुऱ्यात पोचलं, तर तिसरी बाई त्या वर्गात कधीच खरं सांगणार नाही.

बडोद्यापुरतं आणखी एक सांगते. उत्तरायणात दोन दिवस गच्चीवर मान वर करून पतंग उडवलेले असतात, आणि नवरात्रात रात्री उशिरापर्यंत गरबा खेळून गुडघे आणि पोटऱ्या बोलत असतात. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन ते सांगा. त्या आठवड्यात मानेवर भार टाकणारं किंवा गुडघा खोल दुमडणारं काही करायचं नाही, हे शिक्षकाला आधी कळायला हवं.

शिक्षक हात लावून आसन दुरुस्त करतात. हे योग्य आहे का?

योग्य असू शकतं. त्रिकोणासनात कंबर कुठून वळते हे शंभर शब्दांनी कळत नाही आणि पाठीवर टेकवलेल्या दोन बोटांनी कळतं, हे मी रोज बघते. पण हात लावण्यापूर्वी विचारायला हवं, दर वेळी. गेल्या महिन्यात तुम्ही हो म्हणालात म्हणजे आजही हो आहे असं होत नाही.

आपल्याकडची अडचण अशी की 'चालेल ना?' असं विचारलं तर कोणीच नाही म्हणत नाही. वयस्कर बायका तर मुळीच नाही. आत आकसून घेतात आणि वर हसतात. म्हणून मी विचारण्याची पद्धत बदलली. वर्गाच्या सुरुवातीला सगळ्यांना डोळे मिटून पालथं पडायला सांगते, आणि ज्यांना आज हात लावलेला नको आहे त्यांनी एक तळहात वर करून ठेवावा असं सांगते. शेजारणीला दिसत नाही, कारण द्यावं लागत नाही. पहिल्यांदा हे केलं तेव्हा वर आलेले तळहात माझ्या अंदाजापेक्षा बरेच जास्त होते.

हात कुठे आणि कसा लागतो हेही बघा. दुरुस्तीसाठी खांदा, पाठीचा वरचा भाग, पावलं, हात, कोपर आणि कमरेची बाहेरची बाजू एवढं पुरतं. छाती, मांडीची आतली बाजू किंवा ओटीपोट इथे हात लावून शिकवावं लागेल असं एकही आसन सर्वसाधारण वर्गात नसतं. हात टेकतो आणि उचलला जातो, रेंगाळत नाही. 'तुमचं शरीर अजून उघडलेलं नाही, म्हणून अस्वस्थ वाटतं' असं उत्तर कोणी दिलं, तर ते शिकवणं नव्हे. तुम्हाला अस्वस्थ वाटलं एवढं कारण पुरेसं आहे.

दाबून, वर बसून किंवा ओढून आसन 'पूर्ण' करून घेणं मला अजिबात मान्य नाही. पश्चिमोत्तानासनात पाठीवर भार देऊन कपाळ गुडघ्याला लावायची घाई कशासाठी? हठयोगप्रदीपिकेत श्वासाबद्दल सांगताना सिंह, हत्ती आणि वाघ जसे हळूहळू वश होतात तसं करावं, नाहीतर साधकाचाच घात होतो, असा स्पष्ट इशारा आहे. मांडीमागच्या स्नायूंनाही तोच नियम लागतो.

मी अडुसष्ट वर्षांचा आहे आणि शिक्षिका माझ्या नातीच्या वयाची. संकोच वाटतो.

तिलाही वाटतो, काका. तुमची चूक दाखवताना तिची जीभ अडखळते. आपल्या घरांत वडीलधाऱ्यांना 'असं करू नका' म्हणायची सवय कोणाला नसते. तुम्हीच पहिल्या दिवशी म्हणा, 'चुकलं की बिनधास्त सांग गं.' तिचा अर्धा ताण जाईल. आणि ती 'आज एवढंच पुरे' म्हणाली की थांबा. वयस्कर पुरुष विद्यार्थ्यांत एक गोष्ट वारंवार दिसते. शेजारच्या तरुणाचे हात जमिनीला टेकले की यांनाही टेकवायचे असतात, आणि शिक्षिका लहान असल्यामुळे तिचं ऐकलं जात नाही. तिच्या वयापेक्षा तिच्या नजरेवर विश्वास ठेवा.

शिक्षकांनी रक्तदाबाची गोळी बंद करायला सांगितली आहे.

बंद करू नका. गोळी सुरू करणं, कमी करणं किंवा थांबवणं हे डॉक्टरांचं काम आहे. नियमित साधनेने आकडे सुधारले तर ते डॉक्टरांनाच दाखवा, डोस कमी करायचा तो तेच ठरवतील. असा सल्ला देणाऱ्या शिक्षकाकडे मी परत गेले नसते.

प्रमाणपत्र बघावं का?

बघावं, विचारायला लाजू नये. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षा असतात, विद्यापीठांच्या पदविका असतात, आणि गुजरात राज्य योग बोर्डही शिक्षक तयार करतं. कागदावरून एवढंच कळतं की माणसाने शरीरशास्त्र आणि ग्रंथ थोडेफार वाचले आहेत. तो तुमचं ऐकतो का, हे वर्गात बसूनच कळेल.

फी, दक्षिणा आणि गुरुपौर्णिमा: किती आणि कसं?

महिन्याची फी ठरलेली असावी आणि सगळ्यांना सारखी सांगितलेली असावी. ज्याला परवडत नाही त्याने शिक्षकाशी एकट्याने बोलावं, बहुतेक शिक्षक वाट काढतात. सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा बागेत फुकट शिकवणारे कितीतरी जण बडोद्यात आहेत आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण फुकट आहे म्हणून वाटेल तेव्हा यावं, मध्येच उठून जावं, हे बरोबर नाही.

आषाढी पौर्णिमेला फूल द्या, श्रीफळ द्या, मनात असेल तर काही अधिक द्या. पाकिटावर नाव लिहून यादी होत असेल, किंवा कोणी किती दिलं याची वर्गात चर्चा होत असेल, तर तो प्रकार शिक्षकाने स्वतः थांबवायला हवा. पतंजलींनी यमांच्या, म्हणजे पाळायच्या संयमांच्या, यादीत अपरिग्रह (हाव धरून न साठवणं) घातला आहे आणि तो शिकवणाऱ्यालाही लागू आहे.

दोन शिक्षकांकडे एकाच वेळी शिकलं तर चालतं का?

चालतं, दोघांना ठाऊक असेल तर. सुरुवातीचे सहा महिने मात्र एकाकडेच शिका. एक म्हणतो श्वास घेत वाका, दुसरा म्हणतो सोडत वाका, आणि नवशिक्याची त्यात ओढाताण होते.

शिक्षक रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पाठवतात.

वर्गाची वेळ बदलली, उद्या सुट्टी आहे, हे ग्रुपवर येऊ द्या. रात्री अकराला 'आज तुम्ही उदास दिसलात' असा वैयक्तिक मेसेज आला तर उत्तर द्यायचं बंधन तुमच्यावर नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात, दिवसाउजेडी, 'मेसेज ग्रुपवरच टाकत जा' म्हणा. उलट बाजूही सांगते. शिक्षकांना रात्री दहाला पाठीच्या एमआरआयचे फोटो पाठवून 'लगेच बघा' म्हणणारे विद्यार्थी असतात. त्यांच्याही घरी स्वयंपाक, मुलं आणि झोप असते.

शिक्षक आणि विद्यार्थिनी यांच्यात जवळीक निर्माण झाली तर?

हा प्रश्न मला सर्वांत कमी शब्दांत विचारला जातो, म्हणून उत्तर सविस्तर देते.

योगाच्या वर्गात माणूस लवकर मोकळा होतो. डोळे मिटून पडलेला असतो, श्वास मंद होतो, कधी कधी कारण नसताना रडू येतं. त्या वेळी समोरचा आवाज शांत आणि विश्वासाचा वाटतो. घरी कोणी ऐकून घेत नसेल तर तो आवाज फार जवळचा वाटू लागतो. यात विद्यार्थिनीचं काही चुकत नाही. हे घडतं हे शिक्षकाला आधीपासून माहीत असतं, निदान असायला हवं. म्हणून अंतर राखायची जबाबदारी त्याची आहे, ती निम्मी निम्मी वाटली जात नाही. दोघेही सज्ञान आणि एकटे असतील आणि मन खरंच गुंतलं असेल, तर आधी शिकवणं थांबवावं, तिला दुसऱ्या शिक्षकाकडे पाठवावं, काही काळ जाऊ द्यावा आणि मग उघडपणे पुढे जावं. 'ही साधनेचीच पुढची पायरी आहे, कोणाला सांगू नकोस' हे वाक्य ऐकलं तर त्याच क्षणी बाहेर पडा. जे कोणाला सांगायचं नाही ते साधना नाही.

मोठ्या नावाच्या संस्थांतही हे घडलं आहे. डभोईत जन्मलेल्या आणि कायावरोहणला तीर्थ उभं करणाऱ्या स्वामी कृपाल्वानंदांच्या नावाने अमेरिकेत एक मोठं केंद्र सुरू झालं. १९९४ मध्ये त्या केंद्राच्या प्रमुखांना अनुयायी स्त्रियांशी असलेले संबंध उघड झाल्यावर पद सोडावं लागलं. ब्रह्मचर्य शिकवलं जाणारी ती जागा होती. केंद्र टिकलं, पण एका गुरूच्या शब्दावर चालण्याची पद्धत त्यांनी बदलली. हे मी कोणाची निंदा म्हणून सांगत नाही. कायावरोहणला आपण श्रद्धेने जातो, आणि तेवढ्याच श्रद्धेने हेही बोलायला हवं असं मला वाटतं.

त्रास झाला असेल तर: काय घडलं ते तारखेसकट लिहून ठेवा, मेसेज पुसू नका, घरातल्या किंवा वर्गातल्या एका तरी माणसाला सांगा. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तिथे नोकरी करणाऱ्यांपुरताच मर्यादित नाही, तिथे आलेली स्त्रीही तक्रार करू शकते. लहान वर्ग असेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, आणि साधारणपणे तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. गुजरातमध्ये १८१ वर अभयम ही महिला हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते. 'लोक काय म्हणतील, मराठी समाज एवढासा' असं सांगून थांबवणारे भेटतील. समाज एवढासा आहे म्हणूनच पुढच्या मुलीपर्यंत हे पोचायला हवं.

लहान मुलांना योगवर्गाला घातलं तर काय बघावं?

दार उघडं असावं आणि पालकांना कधीही डोकावता यावं. मुलाला एकट्याला 'खास शिकवणी'साठी थांबवत असतील तर तुम्हीही थांबा. लवचीक मुलांना स्पर्धेसाठी ओढून ताणून वाकवणारे शिक्षक असतात, त्यांच्याकडे पदकं असली तरी पाठवू नका. अठरा वर्षांखालील मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्ध २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, आणि १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक मुलालाही पाठ असू द्या.

शिक्षकाची विद्यार्थ्यांकडून काय अपेक्षा असते?

वेळेवर या. फोन बंद ठेवा. अत्तर फवारून येऊ नका, प्राणायामात शेजाऱ्याला त्रास होतो. आणि शिकवलेलं घरी करा, पंधरा मिनिटं का होईना. महिनाभर फक्त वर्गातच अंग हलवणारा विद्यार्थी शिक्षकाला थकवतो. समर्थांनी दासबोधात, शिष्याला साधनेला लावत नाहीत असे गुरू 'अडक्याचे तीन', म्हणजे कवडीमोलाने, मिळाले तरी टाकून द्यावेत असं बजावलं आहे. गुरूला एवढं कडक बोललेलं चालत असेल तर शिष्यालाही थोडं बोललेलं चालेल.

शिक्षकांचं शिकवणं चांगलं आहे, पण वागणं पटत नाही. काय करू?

तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण संपवून निघालेल्या शिष्याला आचार्य सांगतात: 'यान्यस्माकं सुचरितानि तानि त्वयोपास्यानि, नो इतराणि.' आमचं जे चांगलं वागणं आहे तेवढंच घे, बाकीचं घेऊ नकोस. हे खुद्द आचार्य बोलतात. तापटपणा, विसराळूपणा, स्वतःची स्तुती हे सोडून देऊन त्यांच्याकडून शिकता येतं. अपमान करणं, अंगचटीला येणं, पैशात लबाडी करणं हे सोडून देण्यासारखं नाही. तिथून निघा.

वर्ग सोडायचा आहे, शिक्षकांना दुखवायचं नाही. कसं सांगू?

सरळ सांगा, महिना संपताना, समोर जाऊन. 'तुमच्याकडे खूप शिकले, आता थोडं वेगळं बघायचं आहे.' कारणं रचू नका. नाहीतर मग मंगळबाजारात भेट झाली की नजर चुकवावी लागते.

शिक्षकांनी हे कसं घ्यावं याचं एक उदाहरण बडोद्यातच घडलेलं आहे. अरविंद घोष इथे १८९३ पासून १९०६ पर्यंत होते, त्यातली बरीच वर्षं बडोदा कॉलेजात शिकवत. सुरतेच्या काँग्रेसनंतर, १९०८ च्या जानेवारीत ते इथे परत आले तेव्हा विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याशी त्यांची भेट झाली. तीन दिवस दोघे एका खोलीत बसले, आणि मन निःशब्द करण्याची वाट अरविंदांना सापडली. थोड्याच दिवसांनी मुंबईत निरोप घेताना लेल्यांनी त्यांना विचारलं की आतून जे मार्गदर्शन येतं त्याच्या हाती स्वतःला पूर्ण सोपवता येईल का. येत असेल तर माझ्या सूचनांची गरज नाही. एवढा मोठा शिष्य हाताशी असताना लेल्यांनी त्याला बांधून ठेवलं नाही.

शिक्षक सुट्टीवर असताना घरी काय करावं?

जे त्यांच्यासमोर निदान महिनाभर केलं आहे तेवढंच. नवं आसन व्हिडिओवरून सुरू करू नका. श्वास रोखून धरायचे प्राणायाम एकट्याने वाढवू नका, अनुलोम-विलोम आणि भ्रामरी पुरे. शवासन गाळू नका. आणि कुठे दुखलं, काय जमलं, ते एका वहीत लिहा. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी ती वही शिक्षकांना दाखवा.